पान एकशे साठनंतर

आयुष्यात किती पुस्तकं वाचली असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत सांगते, हजारो. आणि त्यातली पूर्ण किती, असं विचारलं की गप्प बसते. मी पुस्तकं बांधायचं काम करायचे. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लछूसेठचा बाइंडिंगचा कारखाना आहे. कारखाना कसला, पत्र्याचा लांबलचक हॉल, चार मशिनं आणि आम्ही नऊ बायका. तिथे मी एकतीस वर्षं काढली. आता रिटायर आहे, तरी आठवड्यातून तीन दिवस हेंद्रेपाड्याच्या घरून जातेच, कारण घरी राहिले की सून म्हणते, "आई, तुम्ही भांडी फार आवाज करून लावता."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं छापतात, आणि त्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांची चोपडी होते. तिला फर्मा म्हणायचं. असे अकरा फर्मे असतील तर लांब टेबलावर अकरा ढीग ओळीनं मांडायचे, आणि आम्ही टेबलाच्या कडेनं चालत प्रत्येक ढिगातला एकेक उचलायचा. टोकाला पोचलं की हातात पुस्तक. मग शिलाई, पुठ्ठा, चिकटवायची खळ, कटिंग. दिवसाला अशा किती फेऱ्या व्हायच्या ते माझ्या पोटऱ्यांना विचारा.

आता घडी घातलेल्या फर्म्याचं पहिलं आणि शेवटचं पान तेवढं वर दिसतं. मधली चौदा आत बंद. चालता चालता डोळा जायचा तो त्या दोन पानांवर. त्यामुळे माझं सगळं वाचन असं तुकड्यातुकड्यांचं. एखादीचं लग्न ठरलं इतकं मला कळायचं, झालं का मोडलं ते नाही. खुनाच्या कादंबरीत मेलेला माणूस माहीत, मारणारा कोण ते अजून कळलेलं नाही. लछूसेठ ओरडायचा, "कुंदाबाई, पढनेका नहीं, उचलनेका!" मी म्हणायचे, सेठ, डोळ्यांना काय झापडं बांधू?

गिऱ्हाईकंही एकेक यायची. एकदा एक सिंधी म्हातारेबाबा आईच्या हातची भजनांची वही घेऊन आले. पानं सुटी झालेली, अक्षर उर्दूसारखं. आम्ही चार बायकांनी जीव ओतून ती शिवली, लाल कापडाचा पुठ्ठा चढवला, वर सोनेरी पट्टी. बाबांनी उघडली आणि बघतच राहिले. म्हणाले, "अदी," म्हणजे ताई, "ये तो आखिर से शुरू हो गई." त्यांची लिपी उजवीकडून डावीकडे जाते, वही उजवीकडून उघडते, हे आमच्या गावीच नव्हतं. सगळं उसवून परत केलं. बाबा तेवढा वेळ स्टुलावर बसून आम्हाला भजनं म्हणून दाखवत होते. चूक झाली, पण ती समोर झाली, आणि हसून निभावली. ज्या चुकीबद्दल मी आज लिहायला बसले आहे ती तशी नव्हती.

आमच्या कामात चूक पकडायची एक सोपी खूण असते. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी रेघ छापलेली असते, दर फर्म्याला थोडी खाली. सगळे फर्मे क्रमानं लागले की पुस्तकाच्या पाठीवर जिना उतरताना दिसतो. पायरी गाळली किंवा दोन पायऱ्या एका उंचीवर आल्या की समजायचं, घोटाळा आहे. दुसऱ्या कुणाला फर्मे मोजावे लागत, मी लांबून पाहून सांगायचे. लछूसेठ गिऱ्हाईकाला सांगायचा, "कुंदा के हाथ का माल आँख बंद करके ले जाओ." हे ऐकून मी वर बघायचे नाही, पण आतून फुगायचे हो, खोटं कशाला बोलू.

माझ्या रिटायरमेंटच्या महिन्यात एक मुलांची कादंबरी आली. पुस्तकाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकाशकाचा यात काडीचा दोष नाही. पानं एकशे शहात्तर. डोंगरातलं एक गाव, लढाई चाललेली, शाळेत सैन्याचं सामान भरलेलं म्हणून शाळा बंद. तिथली एक मुलगी, इरा. तिला वाचायचं वेड, आणि गावात पुस्तक एकही नाही. मग ती छापलेलं दिसेल ते वाचते. पिठाच्या पोत्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, काडेपेटीवरचं. बाप ट्रकनं पीठ पोचवायला खिंडीपलीकडे गेलेला. एवढं मला पहिल्या नऊ फर्म्यांच्या वरच्या पानांवरून कळलं होतं आणि मी पार गुंतले होते.

शेवटचा, म्हणजे अकराव्या फर्म्याचा ढीग संपत आला म्हणून मी मागून नवा गठ्ठा आणायला गेले. गठ्ठा चाळीसचा असतो. उचलला तो दहाव्याचा. वरच्या पानावर, पान एकशे पंचेचाळीसवर, इरा एका म्हातारीला तिच्या मुलाचं पत्र वाचून दाखवत होती. मी वाचत वाचत आले आणि गठ्ठा अकराव्याच्या जागेवर ठेवला. पुढच्या चाळीस पुस्तकांत दहावा फर्मा दोनदा लागला आणि अकरावा लागलाच नाही. एकतीस वर्षांत जिना न बघता सोडलेली ती चाळीस पुस्तकं.

कळलं संध्याकाळी. माल टेम्पोत भरून रवाना झाला होता. छापखाना प्रत्येक फर्मा शे-पन्नास जास्तच देतो, त्यामुळे दहावा कमी पडला नाही, पण अकरावा फर्मा हिशेबापेक्षा बरोबर चाळीस जास्त उरला. मी ते दोनदा मोजले. त्याच वेळी फोन उचलून टेम्पो परत बोलवायला हवा होता. लछूसेठ तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला माझ्या निरोपाच्या साडीचा रंग आमच्यातल्या शकूला विचारत होता. मी चाळीस फर्मे पिशवीत घातले, घरी आणले आणि माळ्यावर टाकले. वाचलेसुद्धा नाहीत. ज्या पुस्तकासाठी एवढं झालं त्याचा शेवट घरात पडून होता आणि मला ती पिशवी उघडायची लाज वाटत होती.

वर्ष झालं असेल. एका दुपारी कारखान्यात एक गृहस्थ आले, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, आणि सोबत अकरा-बारा वर्षांची चष्मेवाली मुलगी. नाव प्रधान, राहणार सोनिवली, अंबरनाथच्या एका कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त. "मी आयुष्यभर दुसऱ्याच्या मालातल्या चुका शोधल्या आहेत," असं त्यांनी ओळख करून देतानाच सांगितलं. फाइलमधून तेच पुस्तक काढलं. पुस्तकाच्या दुकानातून प्रकाशक, प्रकाशकाकडून छापखाना आणि छापखान्यातून आमचा पत्ता असे ते माग काढत आले होते. प्रकाशकाकडे प्रती संपलेल्या, प्रकाशक बिचारे स्वतः दवाखान्यात, छापखान्यातल्या कॉम्प्युटरमधून मजकूर पुसलेला.

"एकशे साठनंतर पुन्हा एकशे पंचेचाळीस येतं," ते म्हणाले. "म्हणजे एक फर्मा जादा. जादा आहे, तर कुठला तरी उरलाही असणार. तो कुठे आहे?"

काय सांगू! पोलिसानंही असं पकडलं नसतं. लछूसेठ म्हणाला, "काका, पैसे वापस ले लो, बात खतम." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रद्दीत गेला असेल. वर्ष झालं." सरळ थाप मारली.

मुलगी पुढे आली. सई तिचं नाव. ती म्हणाली, "आजी, दार वाजतं आणि पुस्तक संपतं. दारात कोण असतं तेवढं तरी तुम्हाला माहितीये का? बाबा विचारतायत."

मग प्रधानांनीच सांगितलं. सईचा बाबा, म्हणजे त्यांचा मुलगा नितीन, मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन. तिकडे परदेशात लढाई सुरू झाली आणि जहाज बंदरात अडकलं. बाहेर समुद्रात सुरुंग, कुणी निघू देईना. महिनोन् महिने झालेले. फोनला रेंज अधूनमधून, तीही डेकच्या एका कोपऱ्यात. सई रोज त्याला या पुस्तकाची चार-पाच पानं मोठ्यानं वाचून, आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. तो ऐकायचा, मग जेवताना बाकीच्यांना हिंदीत सांगायचा. जहाजावर चौदा माणसं, सगळी इराच्या गोष्टीत अडकलेली. आणि गोष्ट अडकलेली दारात.

"बाबा म्हणाले, दार उघडायला इतके दिवस लागतात का गं," सई म्हणाली. "मी म्हटलं, शोधतेय."

दोघं गेली. मी फर्मे उचलत राहिले आणि तीन वेळा चुकीचा उचलला. शकू म्हणाली, "ताई, बरं नाही का?" कुठलं तरी जहाज, कुठली तरी चौदा माणसं, आणि त्यांचा शेवट माझ्या माळ्यावर, जुन्या पंख्याच्या शेजारी! घरी आल्या आल्या शिडी लावली. पिशवी काढली. वरचं पान, एकशे एकसष्ट, तिथेच उभ्यानं वाचलं. दार उघडतं. दारात बाप नसतो. त्याच्या ट्रकवरचा पोऱ्या असतो, हातात बापाची पिशवी. पुढचं वाचायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत फर्मा, सुई, दोरा, मेण, कटर, डब्यात खळ असं घेऊन, काकांनी कारखान्यात लिहून दिलेल्या पत्त्यावर, रिक्षानं सोनिवली गाठली. नव्या बिल्डिंगी सगळ्या सारख्याच, दोनदा चुकीच्या विंगमध्ये गेले. सईच्या आईनं दार उघडलं. चहा येण्याआधीच मी बोलून टाकलं, "काका, फर्मा रद्दीत गेला नव्हता. मी लपवला होता. चूक माझी, आणि काल खोटंही बोलले ते मीच." मान खाली घालून बसले. म्हटलं आता फाइल उघडतील.

ते एवढंच म्हणाले, "आणा इकडे." आणि फर्मा घेऊन बाल्कनीत गेले. घडीची पानं बोटांनी फाकवून वाचायला लागले. दोन-तीन मिनिटांत परत आले ते चेहरा उतरवूनच. हळू आवाजात मला म्हणाले, "ताई, हा लावू नका. बाप येत नाही, त्याची पिशवी येते. ही पोर हे वाचून तिकडे पाठवणार? त्या चौदा जणांना? सांगा, मिळाला नाही म्हणून. तुमची चूक मी माफ केली, पण हे लावू नका."

आली का पंचाईत! काल मी खोटं बोलले तर चुकलं, आज खोटं बोला म्हणून तेच हात जोडतायत. आणि खरं सांगू, मला ते पटलंही होतं. एवढीशी मुलगी. तिचा बाप तिकडे, आणि पुस्तकातली पिशवी अशी दारात यायची.

सई आतल्या दारात उभी होती. कधीची होती देव जाणे. ती म्हणाली, "आबा, मला शेवट माहीत नाहीये ना, म्हणून मी रोज मनात शेवट करते. रोज वाईटच होतो. पुस्तकातला माझ्याइतका वाईट नसेल."

आबांनी फर्मा टेबलावर ठेवला. सईची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लावा हो ताई. लावून टाका."

डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. पुठ्ठा खळीपासून हळूच सोडवला, जादा फर्म्याचे टाके कापले, नवा फर्मा पाठीला बसवला. दोऱ्याला मेण लावून सईला दिला, म्हटलं, घे, सुई तू ओव, माझे डोळे गेले. पुस्तकाच्या कडा कापलेल्या आणि नवा फर्मा जरा मोठा, त्यामुळे पट्टी धरून कटरनं कापला तरी सुतभर बाहेरच राहिला. लछूसेठनं पाहिलं असतं तर माल परत पाठवला असता. सईला त्याचं काही नव्हतं. खळ ओली असतानाच तिनं फोन समोर ठेवला, बटण दाबलं आणि वाचायला लागली.

पोऱ्या आत येतो. बाप कुठे आहे ते त्याला ठाऊक नसतं. रस्ता तुटला, ट्रक तिथेच राहिला, बापानं ही पिशवी त्याच्या हाती दिली आणि तो अडकलेल्या माणसांना आणायला मागे गेला, एवढंच. सईचा आवाज इथे चिरकला. आबा खिडकीकडे तोंड करून उभे. ती पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली.

इरा पिशवी उघडते. चिठ्ठी नसते. आत असतात कागदाचे तुकडे. बिस्किटाचं वेष्टन, साबणाचा कागद, तिकीट, कॅलेंडरचं पान. लेकीला वाचायला म्हणून बापानं प्रत्येक मुक्कामात छापलेलं काहीतरी उचललेलं. इरा ते एकेक करून मोठ्यानं वाचते. सगळं गाव जमतं. वाचता वाचता तिच्या लक्षात येतं, प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव आहे. ती ते वाटेच्या क्रमानं लावते. शेवटचा कागद खिंडीपलीकडच्या बेकरीचा निघतो. म्हणजे वाट होती. बाप ती पार करून गेला होता आणि परतही आला होता. इरा तुकडे पिशवीत भरते आणि पोऱ्याला म्हणते, चल, कुठून मागे गेले ते दाखव. पुस्तक तिथे संपतं. बाप भेटला का, ते लिहिलेलंच नाही.

मग आबा म्हणाले, "मी दोनच पानं वाचली होती." तपासनीस माणूस, आयुष्यात पहिल्यांदा अर्धा माल बघून शिक्का मारत होता. बिचारे इतके ओशाळले की मलाच हसू आलं.

सईनं आवाज पाठवला. तो जाईना. रेंज नसेल. पाच दिवस फोनवर एकच खूण, म्हणजे तिकडे पोचलंच नाही. मी कामावर जायचे आणि तासातासाला सईच्या आईला फोन करायचे, शकू चिडवायची की ताई, तुमचं कुणी परदेशात आहे का? सहाव्या दिवशी दुपारी सईचाच फोन. "कुंदाआजी, या. लगेच या."

गेले. टेबलावर फोन, चौघांची डोकी त्यावर. नितीनचा आवाज नव्हता, फोटो होता. जहाजावरच्या जेवणाच्या टेबलाचा. टेबलभर कागद मांडलेले. चहाचं पाकीट, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, बटाट्याच्या पोत्याचा फाटका तुकडा, दुधाच्या पावडरीचा डबा. खाली एवढंच लिहिलेलं: "सगळ्यांनी खिसे उलटे केले. सई, वाच."

सई वाचू लागली. काही इंग्रजी, काही न कळणारी लिपी. आबांनी चष्मा पुसला, फोटो बोटांनी मोठा केला आणि डब्याच्या कडेवरचा बारीक आकडा बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"हा डबा भरल्याची तारीख गेल्या आठवड्यातली आहे," ते म्हणाले. "अगं, गेल्या आठवड्यातली! बोटीवर ताजा माल पोचतोय. म्हणजे किनाऱ्याशी जा-ये सुरू झाली!" आणि तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडला. सईची आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःही रडत होती. मी तर काय, पदर कधीच भिजला होता.

अंदाज खरा निघाला. वाट मोकळी व्हायला आणखी दोन महिने गेले, पण झाली. नितीन घरी आला त्या दिवशी मला जेवायला बोलावलं होतं. बारीक झाला होता, पण सईला त्यानं उचलली ती खाली ठेवीनाच. नंतर आबा त्याला पुस्तकातली सुतभर बाहेर राहिलेली कड दाखवत होते. म्हणाले, "माल पास. शिक्का मारतो."

पण खरी गोष्ट त्याआधी, फोटो आला त्याच दिवशी झाली. निघताना सईनं मला दारात विचारलं, "आजी, तुमच्याकडे किती फर्मे होते?" म्हटलं, चाळीस. तिनं मनात वजाबाकी केली. "मग बाकीच्या एकोणचाळीस जणांचं काय? ते पण दारातच असतील ना?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले आणि लछूसेठला सगळं सांगितलं. तो आधी विश्वासच ठेवेना. मग म्हणाला, "कुंदा, तू?" हे दोन शब्द फार लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच स्टूल ओढलं, प्रकाशकाच्या घरी फोन लावला आणि दुकानांची यादी मागवली. आजतागायत सव्वीस प्रती परत आल्या. विरारहून एक, साताऱ्याहून दोन, एक तर चिखलोलीतून, म्हणजे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरून. प्रत्येक शिवून दिली. एक छोटा मुलगा म्हणाला, "मला वाटलं पुस्तक असंच असतं, परत परत दार वाजतं." त्याला शेवट वाचून दाखवल्याशिवाय मी उठले नाही.

तेरा प्रती अजून बाहेर आहेत. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात मुलांचं एक लढाईतलं पुस्तक असेल, आणि त्यात पान एकशे साठनंतर पुन्हा एकशे पंचेचाळीस येत असेल, तर तो दोष माझा आहे. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये बाइंडिंगवाल्या लछूसेठला विचारा, कुणीही दाखवेल. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी असते. पुस्तक आणा, आणि ज्याचं असेल त्या मुलालाही आणा. तुम्ही बसा, मी समोर शिवून देते. दार उघडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.